तलवारीला नियम, मंत्राला मुभा

खो-खोच्या मैदानावर पळणाऱ्याला मोकळीक असते आणि पाठलाग करणाऱ्याला बंधने. पळणारा हवा तिकडे वळतो, बसलेल्या दोन गड्यांच्या मधून निसटतो, मनात आले की उलटा फिरतो. त्याच्या मागे लागलेल्याने मात्र एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळायचे नाही आणि मध्यपाटी ओलांडायची नाही. दिशा बदलायचीच असेल तर बसलेल्या सोबत्याला पाठीमागून खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात या खेळाचे नियम बांधले गेले. तेव्हापासून तपशील पुष्कळ बदलले, पण हा मूळ सौदा टिकला. नऊ जणांनी मिळून तिघांना पकडायचे, म्हणून नऊ जणांच्या पायात बेड्या.

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला ‘अल्टिमेट खो खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली आणि तिने या सौद्यात एक नवा माणूस आणला: वजीर. पाठलाग करणाऱ्या संघातला हा एकच गडी कोणत्याही दिशेने धावू शकतो. इतरांना जे नियम लागू, त्यातला सर्वांत जाचक नियम त्याला लागू नाही. एवढी सूट एका बाजूला दिल्यावर दुसऱ्या बाजूला काहीतरी द्यावेच लागते. म्हणून पळणाऱ्यांसाठी ‘ड्रीम रन’ आली. तुकडीने ठरावीक वेळेच्या पुढे तग धरला की तिच्या खात्यातही गुण जमा होऊ लागतात. पॉवरप्लेच्या काळात दोन वजीर चालतात, पण तो काळ मर्यादित. नुसता गडी बाद केला तर दोन गुण, सूर मारून केला तर तीन. ४ सप्टेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असे हरवले, ते सूरज लांडेने अखेरच्या मिनिटांत मारलेल्या सुराच्या जोरावर. नियम नव्याने मांडणाऱ्यांना पहिल्याच वर्षी एका गुणाचा निकाल मिळावा, यापरती पावती कोणती?

बीड जिल्ह्यात हे उदाहरण फार समजावून सांगावे लागत नाही. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही केज तालुक्यातल्या कळमअंब्याची.

वजिरामुळे पडलेला प्रश्न मात्र खो-खोपुरता नाही. ज्याला नियमच लागू नाही अशा खेळाडूची किंमत किती धरायची? या एका प्रश्नावर कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसणारी एक जमात गेली पन्नास वर्षे भांडते आहे. त्यांचा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका ज्यांनी पाहिली त्यांना तळघरातल्या टेबलाभोवती बसून राक्षसांची नावे ओरडणारी मुले आठवत असतील. तोच हा खेळ.

खेळ कसा चालतो ते थोडक्यात. चार-पाच जण एकेक पात्र घेतात. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे सूत्रधार. तो जग उभे करतो, संकटे आणतो आणि निवाडा देतो. खेळाडू सांगतात, ‘मी दार फोडतो’, ‘मी पहारेकऱ्याला थाप मारते’. जमले की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राचा एक क्लास असतो: तलवार चालवणारा फायटर, मंत्र टाकणारा विझार्ड, देवाच्या बळावर जखमा भरणारा क्लेरिक, कुलुपे उघडणारा चोर. अनुभव साठत गेला की पात्राची लेव्हल वाढते. पहिल्या लेव्हलला उंदीर-घुशी मारणारी मंडळी विसाव्या लेव्हलला देवादिकांशी वाद घालू लागतात. इथे पट नाही, प्रतिस्पर्धी संघ नाही. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे एकच कथा पुढे सरकत राहते.

इथे एक शंका रास्त आहे. बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सारखेच मोहरे लागतात, कारण समोर शत्रू बसलेला असतो. इथे तर सगळे एकाच बाजूचे. विझार्ड बलाढ्य झाला तर फायटरने आनंदच मानायला हवा, आपल्याच संघातला आहे म्हणून. मग समतोलाचा हट्ट कशासाठी?

उत्तर टेबलावरच मिळते. शनिवारची रात्र राखून, घरच्यांची बोलणी खाऊन पाच माणसे येतात. त्यातल्या एकाने चार तास ‘मी पुन्हा तलवार मारतो’ एवढेच म्हणायचे आणि दुसऱ्याने प्रत्येक अडचण चुटकीसरशी सोडवायची, तर पहिला माणूस पुढच्या शनिवारी येत नाही. या खेळात वाटून घ्यायची खरी गोष्ट विजय नाही, पाळी आहे. कथेत काय घडावे हे ठरवण्याची पाळी. ती पाळी कमी लेव्हलला बऱ्यापैकी सारखी वाटली जाते आणि वरच्या लेव्हलला हटकून एकाच्या हातात जाते. हा दोष खेळाच्या अगदी जन्मापासूनचा आहे.

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ बाजारात आणला. एका खोक्यात तीन पुस्तिका आणि पहिली आवृत्ती हजार प्रतींची. मुळात ही मंडळी शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणारी. गायगॅक्सने जेफ पेरेनसोबत १९७१ मध्ये ‘चेनमेल’ नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम लिहिले होते, त्याच्या शेवटी कल्पित जगासाठी एक पुरवणी होती. तिच्यातला जादूगार म्हणजे चक्क तोफखाना. त्याचा अग्निगोळा दगडफेकी यंत्रासारखा मोजायचा आणि वीज तोफेसारखी. हा जादूगार सैनिकांच्या पटावरून उचलून एका माणसाचे पात्र म्हणून टेबलावर बसवला गेला. पायदळाचा शिपाई आणि तोफखाना यांना शेजारी बसवून ‘आता तुम्ही बरोबरीचे’ असे सांगण्यातला हा प्रकार आहे, आणि पुढची सगळी भांडणे त्यातून निघाली.

त्या पहिल्या पुस्तिकांत क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-युजर आणि क्लेरिक. यातला क्लेरिक हीच एक डागडुजी. आर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच झाले होते, नाव सर फँग. ते इतके बळावले की कोणी आवरेना. तेव्हा क्रूस दाखवून पिशाचांना हाकलणारा धर्मोपदेशक मुद्दाम घडवला गेला. समतोलासाठी नवा क्लास बनवण्याची ही बहुधा पहिली वेळ, आणि खेळ तेव्हा छापूनही झाला नव्हता.

जादूगाराला आवरायला गायगॅक्सने वेगळी युक्ती केली. त्याने जॅक व्हान्स या लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या कथासंग्रहातून जादूची एक कल्पना उचलली. जादूगार सकाळी मंत्र पाठ करतो, आणि एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एक मंत्र. तो संपला की हातात एक सुरा आणि अंगावर साधा झगा, चिलखताला बंदी. पुढच्या ‘ॲडव्हान्स्ड’ नियमांत फायटरचा जीव दहा बाजूंच्या फाशाने मोजला जाई आणि जादूगाराचा चार बाजूंच्या. मांजराने पंजा मारला तरी नवा जादूगार दगावेल, अशी थट्टा तेव्हापासून चालते. मंत्र म्हणताना कोणी टोला हाणला की मंत्र वाया. लेव्हल चढायलाही त्याला जास्त कष्ट. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला पोहोचायला चोराला १२५० गुण पुरत, फायटरला २००० आणि विझार्डला २५००. वरच्या टप्प्यात फायटरला प्रत्येक लेव्हलसाठी अडीच लाख गुण लागत आणि विझार्डला पावणेचार लाख.

सौदा स्पष्ट होता: आधी वनवास, मग राज्य. जो जादूगार वनवासातून जिवंत बाहेर पडेल त्याने पुढे मेघगर्जना करावी. कागदावर हे न्याय्य दिसते. टेबलावर याचा अर्थ असा की पहिले वर्ष एक खेळाडू कंटाळतो आणि तिसरे वर्ष दुसरा.

मात्र जुन्या नियमांत फायटरसाठीही वरच्या लेव्हलला एक मोठे बक्षीस राखून ठेवले होते, आणि नंतरच्या पिढ्यांनी ते जवळजवळ विसरूनच टाकले. नवव्या लेव्हलला फायटर ‘लॉर्ड’ होई. त्याने आपला किल्ला बांधायचा, मुलूख साफ करायचा, मग त्याच्याकडे आपोआप शिपाई गोळा व्हायचे. १९७८ च्या खेळाडू-पुस्तकात तर मुलखातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा सात चांदीची नाणी उत्पन्न, असा दरही दिला आहे. १९८४ च्या ‘कंपॅनियन’ संचात फ्रँक मेंट्झरने पंधराव्या ते पंचविसाव्या लेव्हलसाठी संपूर्ण राज्यकारभाराचे नियम लिहिले: महसूल, प्रजेचा विश्वास, सैन्याच्या लढाया.

विस्कॉन्सिनमधल्या लेखकांनी कल्पनेने लिहिलेली ही चढण बीडच्या माणसाला इतिहासात दिसेल. कळमअंब्याच्या शेजारच्याच तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात धारूरचा किल्ला आहे. आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने तो १५६७ मध्ये बांधला. दोन वर्षांतच अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने चाल करून तो घेतला आणि त्या लढाईत किश्वरखान मारला गेला. सरदाराचे बळ त्याच्या मनगटात मावत नाही. ते तटबंदीत, शिबंदीत, आसपासच्या गावांच्या महसुलात असते, आणि त्यामुळेच शेजारचा सुलतान त्याच्यावर चालून येतो. नवव्या लेव्हलच्या फायटरला मिळणारी ताकद ही अशी: राजकारणाची, माणसांची. जादूगार एकटा आकाशात उडत असेल, पण खाली तीनशे भालेकऱ्यांचा मालक फायटर होता. कथा काय वळण घेईल हे ठरवण्यात त्याला मोठा वाटा होता.

मग २००० साल आले. मूळ कंपनी टीएसआर डबघाईला येऊन १९९७ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’च्या ताब्यात गेली होती (नावातच कौल लागला होता म्हणायचे). जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स या तिघांनी तिसरी आवृत्ती रचली. रचना देखणी, एकाच सूत्रात ओवलेली. पण ओवताना त्यांनी जादूगाराच्या पायातल्या बेड्या एकेक करून सोडल्या. सगळ्या क्लासना लेव्हल चढायला सारखेच गुण. मंत्र म्हणताना टोला बसला तरी एकाग्रतेचे कौशल्य वापरून तो वाचवता येऊ लागला. मंत्र भरलेल्या कांड्या आणि गुंडाळ्या विकत मिळू लागल्या, म्हणजे ‘दिवसाला इतकेच’ ही अटही सैल झाली. आणि फायटरची शिबंदी? ‘लीडरशिप’ नावाची एक ऐच्छिक पात्रता झाली, जी कुणीही घ्यावी. जादूगारानेही.

परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. विझार्ड तर वर गेलाच, पण क्लेरिक आणि ड्रुइड हे देवाधर्माचे आणि रानावनाचे मंत्रवाले इतके माजले की दोघांना मिळून ‘कोडझिला’ असे गॉडझिलाच्या चालीवरचे नाव पडले. ड्रुइडसोबत फिरणारा लांडगाच फायटरच्या तोडीस तोड आहे, आणि ड्रुइड स्वतः वर फुकट मिळतो, हा त्या काळातला विनोद अतिशयोक्त असला तरी खोटा नव्हता.

जादूवरच्या बंधनांचा आलेख काढायचा तर ‘विश’ या एकाच मंत्राची किंमत पाहावी. नवव्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा हा मंत्र. मागाल ते घडेल. दुसऱ्या आवृत्तीत तो म्हटला की जादूगाराचे वय पाच वर्षांनी वाढे. आयुष्यातली पाच वर्षे, कायमची. तिसऱ्या आवृत्तीत किंमत झाली पाच हजार अनुभव-गुण, जे थोडी भटकंती केली की भरून निघतात. चौथ्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात हा मंत्रच नाही. पाचव्या आवृत्तीत, २०१४ मध्ये, तो परत आला तो असा: आधीच लिहिलेल्या एखाद्या मंत्राची नक्कल करायची असेल तर काही दंड नाही, पण त्यापलीकडचे काही मागितले तर शेकडा ३३ शक्यता की हा मंत्र पुन्हा कधीच म्हणता येणार नाही. देहाची झीज, मग हिशेबातली वजाबाकी, मग साफ बंदी, मग जुगार. पंचवीस वर्षांत चार तऱ्हा. किंमत किती लावावी हे कुणालाच पक्के ठरवता आले नव्हते, याचा यापेक्षा चांगला दस्तऐवज नाही.

नुसत्या माराचा हिशेब केला तर फायटर तितका मागे नाही, हेही सांगायला हवे. पाचव्या आवृत्तीत विसाव्या लेव्हलचा फायटर एका खेपेला चार वार करतो. दोन हातांची मोठी तलवार, अंगात पूर्ण ताकद, प्रत्येक वाराला सरासरी १२, चारही लागले तर ४८. ‘ॲक्शन सर्ज’ वापरून त्याच खेपेला पुन्हा चार, म्हणजे ९६. विझार्डचा ‘मीटिअर स्वॉर्म’ सरासरी १४० नुकसान करतो, तेही मैलभरावरून आणि चार ठिकाणच्या सगळ्या शत्रूंना एकदम. पण तो दिवसातून एकदाच. एकट्या ड्रॅगनशी दिवसभर झुंजायचे असेल तर फायटर आजही भारी पडतो, आणि त्याच्या तलवारीत जादू भरलेली असेल तर आणखीच.

म्हणून आकड्यांवर भांडणारे लोक चुकीच्या जागी भांडतात. दुखणे मारात नाही. समजा, सूत्रधाराने तीन आठवड्यांचा वाळवंटातला प्रवास रचला आहे: पाणी, उंट, लुटारू, वाट चुकणे. तेराव्या लेव्हलचा विझार्ड ‘टेलिपोर्ट’ म्हणतो आणि प्रवास संपतो. फायटरचे अंगबळ कितीही वाढले तरी त्याला वाळवंट चालूनच ओलांडायचे असते. किल्ल्याची भिंत फायटर चढतो, विझार्ड तिच्यावरून उडतो. खून कोणी केला हे फायटर विचारत फिरतो, क्लेरिक सरळ प्रेताला विचारतो. लेव्हल वाढते तसे फायटरचे आकडे मोठे होतात, आणि विझार्डच्या वहीत न पाळायच्या नियमांची यादी मोठी होते. या दोन वाढी एका तराजूत घालण्याचा प्रयत्न पन्नास वर्षे फसतो आहे, कारण त्या एका जातीच्याच नाहीत. ‘फायटर सरळ रेषेत वाढतो, विझार्ड वर्गाच्या पटीत’ अशी एक म्हण या खेळाडूंत आहे. ती बरोबर असली तरी पुरेशी नाही. वर्ग केला तरी तो आकडाच. वजीर चौपट वेगाने धावतो म्हणून भारी पडत नाही, मागे वळता येते म्हणून पडतो.

कथांना मात्र या विषमतेचे काही वाटत नाही. धारूरपासून जवळच अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराज. त्यांची आणि जैतपाळ राजाची कथा मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर मांड टाकेपर्यंतच्या वेळात मला ब्रह्म दाखवा, असा राजाचा हट्ट. न दाखवणाऱ्यांना तो कष्टाला जुंपतो. मुकुंदराज येतात आणि रिकिबीत पाय असतानाच राजाची समाधी लागते. राजाजवळ फौज, तुरुंग, घोडा, सगळे आहे. योग्याजवळ यातले काही नाही आणि राजाचा एकही नियम त्याच्यावर चालत नाही. ऐकणाऱ्याला हा निकाल अन्याय्य वाटत नाही. जैतपाळाचे पात्र घेऊन कुणी मित्र शेजारी ताटकळत बसलेला नसतो ना! चांगदेव, गोरखनाथ, मच्छिंद्रनाथ यांच्या कथांवर वाढलेल्या माणसाला मंत्रवाला तलवारवाल्यापेक्षा वरचढ असणे हेच स्वाभाविक वाटते, आणि युरोपातल्या मर्लिनच्या कथांवर वाढलेल्यालाही. खेळ रचणाऱ्याची पंचाईत तिथेच होते. कथेचा न्याय पाळावा तर टेबल मोडते, टेबलाचा न्याय पाळावा तर लोक म्हणतात, ‘ही कसली जादू?’

हे दुसरे वाक्य २००८ मध्ये फार मोठ्याने म्हटले गेले. रॉब हाइन्सू, अँडी कॉलिन्स आणि जेम्स वायट यांच्या चौथ्या आवृत्तीने समतोलाचा प्रश्न एकदाचा निकालात काढला. सगळ्या क्लासना एकाच मापाचे कपडे. प्रत्येकाला काही शक्ती कधीही वापरायच्या, काही एका झटापटीत एकदा, काही दिवसातून एकदा. कामेही वाटून दिली: अडवणारा, मारणारा, साथ देणारा, मैदान काबूत ठेवणारा. तीस लेव्हलपर्यंत हा हिशेब बऱ्यापैकी जुळत राहतो. आजवर या खेळात इतका समतोल कधी साधला नव्हता. आणि लोक चिडले. सगळे क्लास सारखेच वाटतात, असे म्हणू लागले. पुढच्याच वर्षी पायझो या कंपनीने तिसऱ्या आवृत्तीच्या ‘३.५’ या सुधारित नियमांवरून ‘पाथफाइंडर’ काढला आणि नाराजांचा मोठा लोंढा तिकडे गेला. कोडझिलासकट.

त्या भांडणातला एक तपशील खास आहे. सातव्या लेव्हलच्या फायटरला ‘कम अँड गेट इट’ नावाची एक शक्ती होती. फायटर आव्हान देतो आणि आसपासचे शत्रू त्याच्याकडे खेचले जातात. तोबा तोबा. साध्या माणसाने दुसऱ्यांच्या हालचालींवर ताबा मिळवायचा म्हणजे काय, जादू आहे का ही? विझार्डने हवेतून आग काढलेली चालते, फायटरने शत्रूंना डिवचून जवळ आणलेले चालत नाही! कुस्तीच्या फडात शड्डूचा आवाज ऐकलेल्या माणसाला हा आक्षेप समजणारच नाही. शड्डू ठोकला की समोरचा पुढे येतो, त्याला मंत्र लागत नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांच्या मनातली अट यातून उघडी पडली: नियम मोडायचा परवाना फक्त जादूला. ती अट जोवर कायम, तोवर फायटरला वरच्या लेव्हलला मोठ्या आकड्यांखेरीज काहीच देता येत नाही.

अगदी उलटी वाट ‘आर्स मॅजिका’ने धरली होती, १९८७ मध्ये. तेराव्या शतकातल्या, जादू खरी असलेल्या युरोपातला हा खेळ सरळ सांगतो की जादूगार सगळ्यांपेक्षा बलवान आहे आणि राहणार. मग तोड काय? प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार आणि एक साधा साथीदार, शिवाय सगळ्यांचे मिळून सामायिक शिपाई-गडी. या मोहिमेत तुझा जादूगार, बाकीच्यांचे शिपाई. पुढच्या मोहिमेत माझा. सूत्रधाराचे कामही फिरते. पात्रे विषम आणि माणसे समान. प्रस्तुत लेखकाला या सगळ्या खटाटोपात हाच तोडगा सर्वांत शहाणा वाटतो. तो रचणाऱ्या दोघांपैकी एक मार्क राइन-हेगन आणि दुसरा जोनाथन ट्वीट. होय, पुढे तेरा वर्षांनी तिसऱ्या आवृत्तीत जादूगाराला मोकाट सोडणाऱ्या तिघांतला तोच ट्वीट.

पाचव्या आवृत्तीने बेड्या परत आणल्या, पण सौम्य. टिकून राहणाऱ्या मंत्रांपैकी एका वेळी एकच चालू ठेवता येतो आणि मार बसला की तोही सुटू शकतो. नवव्या दर्जाचा मंत्र सतराव्या लेव्हलपासून दिवसाला एक. मोठ्या राक्षसांना दिवसातून तीनदा मंत्राचा परिणाम सरळ झटकून टाकण्याची मुभा. २०१४ चा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा होता: दोन पूर्ण विश्रांतींच्या मध्ये सहा ते आठ झटापटी. तेवढ्या झाल्या तर विझार्डची शिदोरी संपते आणि न थकणाऱ्या फायटरची पाळी येते. प्रत्यक्षात नोकरी-शिक्षण सांभाळून खेळणारी टोळकी एका बैठकीत एखादी मोठी लढाई करतात आणि ‘आता आम्ही झोपतो’ म्हणतात. विझार्ड दर वेळी भरल्या पिशवीने उतरतो.

अनुभवी सूत्रधार यावर आपले आपले इलाज करतात. झोपायला वेळच देत नाहीत: पहाटेपर्यंत विधी थांबवला नाही तर शहर बुडणार. फायटरला किल्ला देतात, फौज देतात, राजदरबारात वजन देतात, म्हणजे १९७८ च्या पुस्तकातले विसरलेले पान पुन्हा उघडतात. शत्रूकडेही मंत्रवाले ठेवतात. काही जण दहाव्या लेव्हलच्या आसपास कथा गुंडाळून नवी पात्रे काढतात. प्रकाशकही बहुतेक वेळा तेच करतात. ‘कर्स ऑफ स्ट्राड’ दहाव्या लेव्हलला संपते, नवशिक्यांसाठीची ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ पाचव्या. विसाव्यापर्यंत नेणारी पुस्तके मोजकीच.

सप्टेंबर २०२४ मध्ये खेळाडू-पुस्तक नव्याने निघाले. फायटर आणि त्याच्या जातकुळीला ‘वेपन मास्टरी’ मिळाली. शस्त्रागणिक आठ करामती: कुणाला पाडणे, कुणाला मागे ढकलणे, कुणाचा पुढचा वार कमजोर करणे. फायटरला आपल्या राखीव दमातला थोडा दम कुलूप, चढण, बोलणी अशा लढाईबाहेरच्या कामांवरही खर्च करता येऊ लागला. पहिल्या ते दहाव्या लेव्हलपर्यंत याने खेळ खरोखर रंगतो. सतराव्या लेव्हलला विझार्डच्या यादीत ‘विश’ तसाच आहे.

त्याच वर्षी ‘वेक्ना: ईव्ह ऑफ रुइन’ हे दहाव्या ते विसाव्या लेव्हलचे पुस्तक आले. खलनायक वेक्ना: मेल्यावरही न मेलेला, पुढे देव झालेला विझार्ड. मंत्र विसरण्याची युक्ती ज्याच्याकडून घेतली त्या व्हान्सच्या इंग्रजी आडनावाचीच अक्षरे फिरवून हे नाव केलेले. खेळाच्या जुन्या दंतकथेत या वेक्नाला एका तलवारबाजाने एकदा हरवले होते. त्याचा विश्वासू सरदार कास. त्याने धन्याचा हात आणि डोळा छाटला. फायटरांच्या बाजूने सांगायला एवढा मोठा विजय दुसरा नाही, आणि ज्या तलवारीने कासने तो मिळवला ती वेक्नाने आपल्या जादूने घडवून त्याला बक्षीस दिली होती.